कोरड्या हवेचं देणं

होळी विझली की देगलुरात रस्त्याच्या कडेला माठ येऊन बसतात. पालापाचोळ्यावर आणि कडब्याच्या पेंढ्यांवर ओळीनं मांडलेले, काही तांबडे, काही काळे, पोटावर कुंभाराच्या बोटांच्या रेषा उमटलेले. आमच्याकडे माठ घ्यायला आई जायची. ती आधी माठ उचलून उजेडाकडे धरी, आत डोकावून बघे, मग बोटाच्या पेरानं पोटावर टिचकी मारी. खणखणीत आवाज आला तर माठ पक्का. आवाज भद्द आला तर कुठंतरी डोळ्याला न दिसणारा तडा आहे, ठेवा परत. पाच-सहा माठ वाजवून झाल्यावर एक पसंत पडायचा आणि तो रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचा. पहिलं पाणी कुंडीत ओतायचं, दुसरंही ओतायचं. तिसऱ्या पाण्याला माती आणि पाणी यांची ओळख पटलेली असायची. त्या पाण्याचा पहिला तांब्या तोंडाला लावला की आमच्या घरी उन्हाळा लागला.

फाल्गुन सरता सरता आणि चैत्रभर अशा कितीतरी लहान लहान सुखांची या गावात रेलचेल असते. माठाचं पाणी, ताटलीतलं टरबूज, गच्चीवर घातलेलं वाळवण, अंगणातला संध्याकाळचा सडा, मोगऱ्याची ओंजळ, रात्री गच्चीवर पसरलेली वाकळ. प्रत्येकाचा आनंद वेगळा वाटतो. पण थोडं खोलात गेलं की यांतली बहुतेक सुखं एकाच मुळाची निघतात, आणि ते मूळ म्हणजे या दिवसांतली आपली हवा. ओठ फोडणारी, टाचांना भेगा पाडणारी, धुतलेली साडी पाऊण तासात कडक करणारी कोरडी हवा. आपण तिला नावं ठेवतो. तिनं दिलेलं मात्र आनंदानं घेतो.

देगलूर हे नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं गाव. लेंडी नदीच्या काठी वसलेलं, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. नांदेडहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग १६१ इथून पुढं तेलंगणात शिरतो आणि संगारेड्डीला जातो; दुसऱ्या बाजूला कर्नाटकातला बीदर जिल्हा हाकेच्या अंतरावर. अरबी समुद्रावरून येणारा दमटपणा सह्याद्रीच्या अलीकडं-पलीकडंच संपतो. मार्च-एप्रिलच्या दुपारी इथल्या हवेत बाष्प इतकं थोडं असतं की तिला मिळेल तिथून पाणी हवं असतं. मातीतून, झाडाच्या पानातून, माणसाच्या कातडीतून ती पाणी शोषत राहते. ही हवेची तहान हाच या लेखाचा खरा विषय आहे.

माठापासूनच सुरुवात करू. भाजलेली माती दिसायला घट्ट, पण तिच्यात डोळ्याला न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. त्यांतून पाणी झिरपत झिरपत माठाच्या बाहेरच्या अंगावर येतं आणि तिथून उडून जातं. पाण्याला वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती पाणी उकळत नसतानाही लागते. आपल्या उन्हाळी तापमानाला एक लिटर पाणी उडून जायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. ती येते कुठून? माठाच्या भिंतीतून आणि आतल्या पाण्यातून. म्हणजे जे थोडं पाणी जातं, ते जाताना मागं राहिलेल्या पाण्याची ऊब घेऊन जातं. हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. १५ लिटरचा माठ १० अंशांनी गार करायला १५० किलोकॅलरी काढून घ्यावी लागते, आणि तेवढ्यासाठी पाव लिटरच्या आसपास पाणी उडून गेलं तरी पुरतं. प्रत्यक्षात बाहेरची गरम हवा सतत माठाला तापवत असते, त्यामुळं थोडं अधिक पाणी खर्ची पडतं. सकाळी काठोकाठ भरलेला माठ, कुणी तांब्या न बुडवताही, संध्याकाळी चार बोटं उतरलेला दिसतो तो यामुळं.

आता प्रश्न असा, की माठ गार होऊन होऊन किती गार होईल? त्याला एक हद्द आहे आणि ती हद्द हवा ठरवते. साध्या तापमापीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यावर धरलं की पारा खाली उतरतो आणि एका जागी थांबतो. हवामानखात्याच्या भाषेत त्याला ओल्या फुग्याचं तापमान म्हणतात. माठातलं पाणी या तापमानाच्या दिशेनं जातं, त्याच्या थोडं वर थांबतं, पण त्याच्या खाली कधीच जात नाही. देगलुरात दुपारी पारा ३८ वर आणि हवेतली आर्द्रता २० टक्के असेल, तर ही हद्द साधारण २१ अंशांवर येते. तेच कोकणातल्या एखाद्या बंदराच्या गावी पारा फक्त ३३ वर, पण आर्द्रता ६५ टक्के असेल, तर हद्द २७-२८ अंशांच्या वर राहते. म्हणजे आपल्याकडं ऊन पाच अंशांनी जास्त आणि माठाचं पाणी सहा-सात अंशांनी गार. किनाऱ्यावरचे नातेवाईक सुटीत आले की आमच्याकडच्या माठाचं पाणी पिऊन दर वेळी चकित व्हायचे. ‘यात बर्फ टाकता काय?’ असं विचारायचे. त्यांच्या घरी माठ होता, कुंभारही चांगला होता. हवा मात्र इथली नव्हती.

तांबडा माठ गार की काळा, हा वाद दर वर्षी रस्त्याकडेलाच रंगतो. भट्टीत हवा खेळती ठेवली तर मातीतल्या लोहाचा तांबडा गंज होतो आणि माठ तांबडा निघतो. भट्टी लिंपून आत धूर कोंडला तर तीच माती काळी पडते. गारव्याशी रंगाचा संबंध नाही. संबंध आहे तो छिद्रांशी, म्हणजे कुंभारानं मातीत किती वाळू, राख किंवा लीद मिसळली आणि आच किती दिली याच्याशी. फार भाजला तर माठ झिरपत नाही, कमी भाजला तर गळतो. या दोहोंच्या मधली जागा कुंभार भट्टीच्या रंगावरून आणि वासावरून ओळखतो. माझ्या मते या गावातली ही सगळ्यांत नाजूक विद्या आहे, आणि तिची किंमत आपण फार कमी मोजतो.

मागच्या वर्षीचा माठ यंदा पाणी गार करत नाही, याचंही कारण त्याच छिद्रांत आहे. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. पाणी उडून जातं, पण त्यातले क्षार उडत नाहीत. ते छिद्रांच्या तोंडाशी साठतात. माठाच्या अंगावर पांढरी फुली धरते ती या क्षारांची. दोन-तीन महिन्यांत छिद्रं बुजतात. म्हणून जुना माठ चिमण्यांना पाणी ठेवायला किंवा तुळशीला जातो आणि दर चैत्रात नवा येतो. माठाखाली ओल्या वाळूचा थर, अंगाला भिजवलेलं गोणपाट आणि ठेवायला वारा खेळेल असा दाराजवळचा कोपरा, या आजीच्या तिन्ही सवयी बाष्पीभवनाच्या नियमाला धरून होत्या.

कूलर म्हणजे याच माठाचा विजेवर चालणारा भाऊ. ओल्या गवताच्या जाळीतून पंखा हवा ओढतो, जाळीतलं पाणी उडतं, हवा गार होते. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त वाळ्याच्या ताट्यांचा उल्लेख आहे, त्या ताट्यांचं हे लोखंडी रूप. एकच गोष्ट इथं आवर्जून सांगावीशी वाटते. कूलर लावताना पुष्कळ घरांत दारं-खिडक्या घट्ट बंद केल्या जातात, आणि अर्ध्या तासात खोली चिकट होते. कूलर खोलीत सतत ओलावा ओतत असतो. तो बाहेर जायला वाट नसेल तर खोलीतली हवा कोकणातल्यासारखी होते आणि गारवा संपतो. समोरची एक खिडकी उघडी ठेवा, कूलर दुप्पट काम करील.

माणसाचं शरीरही माठच आहे. घाम कातडीवर येतो, उडतो, रक्ताची ऊब घेऊन जातो. कोरड्या हवेत हे काम इतकं झटपट होतं की घाम आल्याचं कळतसुद्धा नाही. मुंबईत सदरा अंगाला चिकटतो आणि घाम किती गेला ते दिसतं. देगलुरात दुपारी बाजारात तासभर हिंडून आलं तरी सदरा कोरडा, फक्त कॉलरवर मिठाची पांढरी रेघ. ती रेघ म्हणजे गेलेल्या पाण्याची पावती. तहान लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो, म्हणून तहानेआधी प्यायच्या गोष्टी आपल्याकडं इतक्या आहेत.

त्यांत मला सगळ्यांत जवळचं अंबील. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून रात्रभर ठेवायचं. सकाळपर्यंत ते हलकं आंबतं. मग उकळत्या पाण्यात ते सोडून सारखं ढवळत शिजवायचं. शिजत आलं की लसूण-जिरं ठेचून घालायचं, मीठ घालायचं आणि निवू द्यायचं. निवल्यावर वरून पुन्हा ताक, हवा तर बारीक चिरलेला कांदा. पितळी वाटीनं किंवा सरळ तांब्यानं प्यायचं. पीठ, पाणी, मीठ आणि ताकातल्या जिवाणूंनी केलेली आंबट चव. दुपारच्या उन्हात जाणाऱ्या माणसाला पाणी, मीठ आणि भाकरी एकाच घोटात मिळते. देगलूरच्या बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा कानावर पडतात. तेलुगू बोलणारी शेजारीण याच पेयाला ‘अंबली’ म्हणते, आणि कन्नड बोलणारीही ‘अंबली’च म्हणते. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली भाषेवरून राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या आणि ते संस्थान तीन राज्यांत वाटलं गेलं. अंबिलाची वाटणी झाली नाही. ज्वारी तीच, ऊन तेच आणि हवेची तहानही तीच.

पाडव्यालाही असंच. आपण कडुनिंबाचा कोवळा पाला किंवा मोहोर, गूळ, मीठ, जिरं, चिंच असं वाटून खातो. तेलुगू आणि कन्नड घरांतून तोच दिवस उगादीचा; तेलुगू घरी कैरीचे तुकडे आणि कडुनिंबाची फुलं घालून सहा चवींची पच्चडी होते. दोन्ही वाट्या एकमेकींच्या घरी जातात.

पन्ह्याचं शास्त्र तर जगाच्या इतिहासाला जाऊन भिडतं. कैरी उकडून किंवा निखाऱ्यात भाजून तिचा गर काढायचा, त्यात गूळ, मीठ, वेलची. यातली गूळ आणि मीठ ही जोडी महत्त्वाची. आतड्याच्या पेशींत ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम एकाच वाटेनं, हातात हात घालून आत शिरतात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी शोषलं जातं. नुसतं पाणी प्यायल्यानं जे काम सावकाश होतं, ते चिमूटभर मीठ आणि थोड्या साखरेनं वेगानं होतं. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांतून लोकांना पाजलं आणि हजारो जीव वाचवले. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ओआरएसच्या पुडीत लिटरभर पाण्यासाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, जोडीला पोटॅशियम आणि सायट्रेट. आपलं पन्हं त्याहून पुष्कळ गोड. जुलाब-उलट्या झालेल्या लेकराला पन्हं पाजू नये, पुडीच द्यावी. धडधाकट माणूस उन्हातून आला असेल तर मात्र पन्ह्याचा पेला त्याला नेमकं हवं ते देतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हं आणि कैरीची डाळ ठरवणाऱ्या बायकांनी सोडियमचं नाव ऐकलेलं नव्हतं. उन्हातून आलेल्या सवाष्णीचा चेहरा त्यांना वाचता येत होता.

टरबुजाबद्दल दोनच शब्द. पुण्याकडं त्याला कलिंगड म्हणतात, तो शब्द संस्कृतातून आला. आपण टरबूज म्हणतो, तो फारसीतून, दख्खनी उर्दूच्या वाटेनं आला. फळ दोन्हीकडं आफ्रिकेतून आलेलं, आणि त्यात शेकडा ९२ भाग पाणी. मांजरेच्या आणि गोदावरीच्या कोरड्या पात्रांत वाळूत आळी करून त्याचे वेल लावायची जुनी रीत होती. वरची वाळू भाजते, हातभर खाली ओल असते, आणि ती ओल वेल वर ओढून फळात साठवतो. उसाच्या रसात लिंबू का पिळतात, तेही इथंच सांगून टाकतो. चरकातून निघालेला रस हवेला लागला की त्यातल्या एका विकरामुळं काळवंडू लागतो. लिंबाच्या आंबटपणानं ते विकर मंदावतं आणि रस हिरवट, ताजा राहतो.

चैत्रातली खरी धांदल असते ती गच्चीवर, वाळवणाची. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून, चोळून, गाळून त्याचा पांढरा चीक काढायचा. पहाटे चार वाजता चुलीवर मोठं पातेलं चढतं. चीक शिजताना दोन बाया आळीपाळीनं लाकडी उलथन्यानं तो घोटत असतात. हात थांबला की गाठी. घट्ट होत होत चीक अर्धपारदर्शक, मोत्यासारखा दिसायला लागतो. त्यावेळी उठून बसलेल्या पोरांना वाटीत गरम चीक मिळतो, वर साखर आणि दूध, नाहीतर तेल-तिखट. मग सोऱ्या भरायचा, ऊन वर यायच्या आत गच्चीवरच्या लुगड्यावर कुरडयांची वर्तुळं पाडत जायचं. अकराच्या सुमाराला वरून कोरडी आणि आतून ओलसर अशी कुरडई होते. ती राखणीला बसलेल्या पोरांच्या पोटात जाते. घरच्यांना ते माहीत असतं, म्हणून चार कुरडया जास्तच घातलेल्या असतात.

हे काम चैत्रातच का? ऊन तर मेच्या मध्याला आणखी कडक असतं. पण मे सरत आला की ढग येऊ लागतात, वळवाची भीती असते. चैत्रात हवा कोरडी आणि आभाळ भरवशाचं. कुरडई एका दिवसात वरून खडखडीत होणं महत्त्वाचं. ती ओली राहिली तर रात्रीत बुरशी धरते. चिकातलं पिष्ट शिजून फुललेलं असतं, वाळताना ते काचेसारखं कडक होतं आणि आत चिमूटभर ओल अडकून राहते. श्रावणात तीच कुरडई कडकडीत तेलात सोडली की अडकलेल्या ओलीची क्षणात वाफ होते, कडक झालेलं पिष्ट त्या आचेनं मऊ पडतं, वाफ त्याला फुगवते आणि कढईभर पांढरंशुभ्र फूल उमलतं. म्हणजे चैत्रातल्या हवेनं बहुतेक पाणी नेलं आणि नेमकं हवं तेवढं मागं ठेवलं. शेजारी तेलुगू घराच्या गच्चीवर त्याच दिवशी ‘वडियालु’ वाळत असतात, आणि आपल्या सांडग्यांना कन्नडात ‘संडिगे’ म्हणतात. खारोड्या, पापड्या, शेवया यांची नावं घेत बसलो तर चैत्र संपेल.

संध्याकाळ देगलुरात पुण्याच्या जवळजवळ पाव तास आधी होते. दोन्ही गावं साधारण एकाच अक्षांशावर, साडेअठराच्या किंचित वर. त्यामुळं मेच्या मध्याला भरदुपारी सावली पायाखाली नाहीशी होते तो दिवसही दोघांचा जवळपास एकच. पण आपण पूर्वेला असल्यानं सूर्य आपल्याकडं आधी येतो आणि आधी जातो. ऊन भिंतीवरून उतरलं की दारोदारी बादल्या निघतात. ओंजळीनं पाणी शिंपडलं जातं आणि मातीचा तो वास येतो.

या वासावर १९६४ साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ नियतकालिकात लेख लिहिला आणि त्याला ग्रीक शब्दांवरून ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. आपल्याकडं मृद्गंध हा शब्द होताच. कोरड्या दिवसांत झाडझाडोऱ्यातून निघालेली तेलं माती आणि दगड शोषून घेतात. पाणी पडताच ती मोकळी होतात. जमीन जितके दिवस कोरडी, तितका वास दाट. जोडीला मातीतल्या सूक्ष्म जिवाणूंनी तयार केलेलं जिओस्मिन नावाचं द्रव्य असतं, ज्याचा अत्यल्प अंशही माणसाच्या नाकाला कळतो. त्या दोघा शास्त्रज्ञांनी आपल्या लेखात भारतातल्या मातीच्या अत्तराचा उल्लेख केला होता. कनौजचे अत्तरिये कोरड्या मातीतून हा वास कितीतरी आधीपासून काढत होते. पुढं २०१५ साली अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं दाखवलं, की सच्छिद्र जमिनीवर थेंब पडला की त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, ते थेंबातून वर येऊन फुटतात आणि मातीतला वास सूक्ष्म तुषारांबरोबर हवेत उडवतात. हलक्या, सावकाश पडणाऱ्या थेंबांनी हे जास्त होतं. बादली एकदम उपडी केली तर चिखल होतो. ओंजळीनं सडा टाकला तर वास येतो. सडा टाकणाऱ्या हाताला हे ठाऊक असतं.

याच वेळी मोगऱ्याच्या कळ्या उमलतात. पहाटे तोडलेल्या, दिवसभर ओल्या फडक्यात ठेवलेल्या कळ्या, झाडापासून तुटूनही आपली वेळ चुकवत नाहीत. पांढरा रंग आणि रात्रीचा वास हा रात्री उडणाऱ्या पतंगांसाठीचा निरोप आहे. तो गजऱ्यात ओवला जातो आणि उरलेली चार फुलं माठात पडतात.

आणि मग गच्ची. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब संध्याकाळी पायाला चटके देतो, आणि खालच्या खोलीत छतातून ऊब उतरत असते. चार-पाच इंच जाडीच्या स्लॅबमधून दुपारची ऊब आत पोचायला तीन-चार तास लागतात, म्हणजे ती नेमकी आपण घरी परतायच्या वेळी येते. जुन्या देगलुरात आणि आसपासच्या गावांत माळवदाची घरं होती, काही अजून तग धरून आहेत. सागवानी कड्या, वर फळ्या, त्यावर फूट-दीड फूट पांढरी माती चोपून बसवलेली. फूटभर कोरड्या मातीतून दुपारची ऊब खाली यायला सुमारे बारा तास घेते, आणि येईपर्यंत तिच्यातला जोर जवळजवळ संपलेला असतो. दोनचं ऊन रात्री दोनला आत पोचणार, तोवर घरातली माणसं वर माळवदावर चांदण्यात झोपलेली. दर वर्षी पावसाआधी माती चोपायची, गळती बुजवायची, हे कष्ट नको म्हणून आपण स्लॅब घातले. ते मी समजू शकतो. तरीही चैत्रातल्या दुपारी माळवदाखालच्या खोलीत पाऊल टाकल्यावर अंगावरून जो गारवा फिरतो, त्याची आठवण मला दर वर्षी अस्वस्थ करते.

रात्री दहाच्या सुमाराला गच्ची निवते. इथंही कोरड्या हवेचाच हात असतो. तापलेली कुठलीही वस्तू न दिसणाऱ्या किरणांच्या रूपानं आभाळाकडं उष्णता फेकत असते. हवेत बाष्प असेल तर ते या किरणांना अडवून गोधडीसारखं काम करतं. हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असेल तर उष्णता थेट अवकाशात निघून जाते. म्हणून मुंबईची रात्र दिवसाइतकीच उकडते आणि आपल्याकडं पहाटे पांघरूण ओढावं लागतं. ही जुनी युक्ती माणसानं कुठवर नेली त्याची एक गोष्ट आहे. १७७५ साली रॉबर्ट बार्कर या इंग्रज सेनाधिकाऱ्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळवलं, की अलाहाबादेला थंडीच्या दिवसांत लोक उघड्या मैदानात खड्डे करतात, त्यात वाळलेली चिपाडं पसरतात, त्यावर बिनझिलईची उथळ मातीची परळं पाण्यानं भरून ठेवतात आणि सूर्योदयापूर्वी त्यांतला बर्फ गोळा करतात. परळांतून झिरपून उडणारं पाणी आणि निरभ्र आभाळाकडं जाणारी उष्णता या दोघांनी मिळून तो बर्फ केला. माठ आणि गच्ची, दोन्ही एकाच परळात.

अंगाखाली वाकळ, उशाशी पाण्याचा तांब्या. चैत्रात रात्री उत्तरेकडं सप्तर्षी उंच आलेले असतात. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढं वळवत नेला की पिवळसर स्वाती भेटते, आणखी पुढं नेला की निळसर पांढरी चित्रा. चैत्राच्या पौर्णिमेला चंद्र या चित्रेच्या आसपास असतो, महिन्याला नाव तिच्यावरूनच पडलं. आजोबांनी मला हे बोट धरून दाखवलं होतं, आणि मी ते शेजारच्या गच्चीवरच्या मुलांना दाखवतो. कोरड्या हवेत तारे स्वच्छ दिसतात.

हे सारं लिहिताना एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. यातली बहुतेक सुखं उडून जाणाऱ्या पाण्यावर उभी आहेत, आणि मराठवाड्यात पाणी उडून जाणं परवडत नाही अशी वर्षं येतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीत १० टाक्यांत मिळून ५ लाख लिटर पाणी होतं. अशा वर्षी सडा थांबतो, कूलर कोपऱ्यात उभा राहतो, वाळवणासाठी गहू भिजवायला पाणी मोजून घेतलं जातं. माठ तेवढा भरला जातो. १५ लिटरमागं पाव लिटरपेक्षा थोडं अधिक हवेला देऊन उरलेलं पाणी गार करून घेणं, यापेक्षा काटकसरीचा गारवा मला ठाऊक नाही. लेंडी कोरडी पडलेली असते तेव्हा घरातल्या त्या ओल्या, झिरपणाऱ्या मातीवर हात ठेवला तरी बरं वाटतं.

मेच्या अखेरीस एखाद्या सकाळी आजी तांब्या तोंडाला लावायची, क्षणभर थांबायची आणि म्हणायची, ‘पाणी गार लागंना आज. पाऊस निघाला तिकडून.’ आभाळात तेव्हा ढगाचा तुकडाही नसायचा. पण हवेत बाष्प आलेलं असायचं, माठाच्या अंगावरून पाणी उडेनासं झालेलं असायचं. त्या दिवशी ती आम्हाला गच्चीवरून वाकळा खाली आणायला सांगायची.